कात्री-सुरीचं चामडी म्यान घरच्या घरी: मापापासून मेणापर्यंत

द्राक्षाच्या बागेत छाटणी करणारा माणूस मांडवाखाली मान वर करून उभा असतो. दोन्ही हात डोक्याच्या वर, नजर काडीवर. कात्री ठेवायची वेळ आली की तो खाली बघत नाही, हात आपोआप कमरेकडे जातो. तिथे म्यान नसेल तर कात्री पँटच्या मागच्या खिशात जाते आणि हंगाम संपायच्या आत खिशाला भोक पडतं. तासगाव-पलूसकडे वर्षातून दोनदा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, हा प्रकार चालतो. सुरीची गत याहून वाईट. ती रद्दी पेपरात नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाशी पडलेली असते.

आपल्याकडे हौसेनं चामड्याचं काम करणारे दोघे भेटले की तीन मतं निघतात. दोरा कोणता, रंग कोणता, भोक आरीनं पाडायचं की ड्रिलनं. या वादांना मजा आहे, पण त्यांच्या आधी एक प्रश्न सुटला पाहिजे: पातं आत जाताना आणि बाहेर येताना त्याची धार कशाला घासते? धार टाक्यांवर आली की दोरा कापला जातो, शिवण उसवते आणि एक दिवस पातं म्यान फाडून मांडीत घुसतं. खालच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीपासून वाचण्यासाठी आहेत. मुख्य कृती साध्या सुरीच्या म्यानाची आहे. कात्री आणि कोयत्यासाठी काय बदलायचं ते शेवटी येईल.

चामडं निवडताना

म्यानासाठी वनस्पतीजन्य पद्धतीनं कमावलेलं चामडं लागतं, म्हणजे झाडाची साल, फळं यांच्या अर्कात कमावलेलं. बाजारात त्याला व्हेज टॅन म्हणतात. पर्स, जॅकेट, सोफ्याचं मऊ चामडं बहुतेक वेळा क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं. ते दिसायला छान, पण ओलं करून दाबलं तरी आकार धरत नाही, आणि त्यात ठेवलेल्या पात्याला गंज लवकर पकडतो.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. आरपार तपकिरी असेल तर व्हेज टॅन. मधे निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोम. खात्री नसेल तर नखाएवढा तुकडा मागून घ्या, घरी चिमट्यात धरून जाळा. क्रोमच्या राखेला हिरवट झाक येते, व्हेज टॅनची राख करडी-काळी पडते. आणखी सोपी खूण म्हणजे पाण्याचा थेंब. व्हेज टॅनवर तो थोड्या वेळात मुरतो आणि तिथे गडद डाग दिसतो. ओल्या जागी नख दाबलं तर वळ राहतो.

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं असतं, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं. २०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आले. म्हणजे हे चामडं आणि ते कापणारे हात आपल्या आसपासच आहेत. चपलेच्या तळाचं चामडं टणक असतं, ओलं केलं की वळतं, वाळलं की तसंच राहतं. म्यानाला हेच हवं. दिसायला ते थोडं खडबडीत असतं, पण शेतात वापरायच्या वस्तूला त्यानं काही बिघडत नाही. चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून येणारं चामडं जास्त गुळगुळीत आणि एकसारख्या जाडीचं मिळतं. ते घ्यायला माझी हरकत नाही. फक्त पहिलं म्यान महागड्या चामड्यावर करू नका.

राज्यात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या बाजारात मुख्यतः म्हशीचं चामडं दिसतं. जाड म्यानाला ते उत्तम. धागा थोडा भरड असतो, त्यामुळे कडा घासायला जास्त वेळ द्यावा लागतो, एवढाच फरक.

जाडी ३ ते ३.५ मिमी. परदेशी व्हिडिओत आठ-नऊ औंस असं ऐकू येतं. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी, तेव्हा हिशेब तोच येतो. २ मिमीचं चामडं पाकिटाला ठीक, म्यानाला नाही. तुकडा पाठीकडचा मागा. पोटाकडचं चामडं स्वस्त मिळतं, पण ताणतं. मानेकडचं सुरकुतलेलं असतं, ते पट्ट्याच्या फाश्याला चालेल.

हत्यारं

चामड्याच्या कामाचा तयार संच मागवण्याआधी जवळच्या चपलेच्या कारागिराकडे जा. त्याच्याकडे असतं ते सगळं तुम्हाला लागतं आणि तो बहुतेक सगळं चार-पाच हत्यारांत भागवतो: कापायला रापी, भोक पाडायला आरी, ठोकायला हातोडी, खाली ऐरण, चिकटवायला सोल्यूशन. यात दोन बोथट टोकाच्या जाड सुया, मेण लावलेला पॉलिस्टरचा दोरा (०.८ ते १ मिमी), पोलादी पट्टी, कंपास, कागदी चिमटे आणि पॉलिशपेपर एवढं मिळवा. रापी मिळाली नाही तर जाड कटरचं नवं पातं चालतं. सुती दोरा नको. घाम आणि पाऊस लागला की तो कुजतो.

कंपास कशाला? त्याची दोन टोकं ठरावीक अंतरावर उघडून एक टोक चामड्याच्या कडेवरून सरकवलं की दुसरं टोक कडेला समांतर रेघ ओढत जातं. खास हत्यार विकत घ्यायची गरज पडत नाही.

एक गोष्ट छंदाच्या उत्साहात विसरली जाते. ज्यांच्याकडे शिकायला जाता त्या चर्मकार मामांचं पोट या कामावर चालतं. आरी कशी धरायची हे विचारायला गेलात की त्यांचे दोन तास विकत घ्या. निदान एक चप्पल तरी त्यांच्याकडून करून घ्या. फुकट माहिती गोळा करून नंतर “आमच्याकडे कुणाला हे काम येतच नाही” असं सांगणारे हौशी लोक मला झेपत नाहीत.

कागदावर म्यान

उदाहरणाला एक सुरी घेऊ: पातं ११ सेमी लांब, २८ मिमी रुंद, पाठीला ३ मिमी जाड. चामड्याचा एकच तुकडा पात्याच्या पाठीवरून दुमडायचा आणि धारेच्या बाजूनं शिवायचा. याला एकच शिवण लागते, म्हणून सुरुवातीला हाच नमुना बरा.

जाड कागद दुमडा. दुमडीच्या रेघेला सुरीची पाठ लावून ठेवा आणि पेन्सिल उभी धरून सुरीभोवती रेघ मारा. धारेच्या रेघेपासून ३ मिमी मोकळी जागा सोडा. त्यापुढे ११ मिमी मधल्या पट्टीसाठी (धारेकडे दोन बाजूंच्या मधे घालायची चामड्याची पट्टी, तिच्याबद्दल पुढे येईल). म्हणजे एका बाजूची रुंदी २८ अधिक ३ अधिक ११, एकूण ४२ मिमी. दोन बाजूंचे ८४. पण चामड्याला जाडी असते आणि पाठीवरून वळताना ते जागा खातं. ३ मिमी पाठ आणि ३ मिमी चामडं धरलं तर या वळणासाठी सुमारे ८ मिमी जास्त लागतात. तेव्हा उघडा तुकडा ९२ मिमी रुंद. हे ८ मिमी विसरल्यामुळे सुरी घुसत नाही, आणि मग लोक मधली पट्टी तासून पातळ करतात. तिथून सगळं बिघडतं.

मुठीचा साधारण तिसरा हिस्सा म्यानाच्या आत जाऊ द्या. सुरी बकलाविना जागेवर राहते ती याच भागामुळे. तिथलं माप पात्यावरून काढता येत नाही. मुठीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा. त्यात शिवणीचे दोन वेळा ११ मिमी आणि चामड्याच्या जाडीचे ८ ते १० मिमी मिळवा. टोकाकडे पात्याच्या टोकापासून खाली आणखी १५ मिमी ठेवा.

आता हा कागद कापून, कडेला चिमटे लावून सुरी आत घालून बघा. कागदापेक्षा जुन्या जीन्सच्या दोन थरांचा नमुना जास्त खरं बोलतो. चामड्यावर आखताना एक काळजी घ्या. आतल्या, खरखरीत बाजूवर आखत असाल तर कागद उलटा ठेवावा लागतो, नाहीतर उजव्या हाताचं म्यान डाव्या हाताचं होतं. सुरी हातात नेहमीच्या पकडीत धरून कमरेशी न्या, धार कुठल्या दिशेला येते ते बघा आणि कागदावर “बाहेरची बाजू” असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पट्ट्याचा फासा वेगळ्या तुकड्यातून कापा, २५ ते ३० मिमी रुंद. शर्ट खोचून वापरायचा पट्टा पातळ असतो, पण शेतातला ३८-४० मिमी रुंद आणि जाड असतो, तेव्हा पट्टा सहज सरकेल एवढी लांबी ठेवा. हा फासा म्यान मिटवायच्या आधी पाठीमागच्या बाजूवर शिवायचा असतो. नंतर आत हात जात नाही. टाके आतल्या बाजूला पात्याच्या वाटेत येणार असतील तर त्यांच्यावर पातळ चामड्याचा तुकडा चिकटवून टाका.

मधली पट्टी

इथं सावकाश जा. मधली पट्टी, काहीजण तिला वेल्ट म्हणतात, ही दोन बाजूंच्या मधे धारेकडे घातलेली चामड्याची चिंचोळी पट्टी. पातं सरकतं तेव्हा धार या पट्टीच्या आतल्या कडेवर टेकते. टाके त्या कडेपासून लांब, बाहेर. शिवण बाहेरच्या कडेपासून ४ ते ५ मिमी आत ठेवली तर ११ मिमीच्या पट्टीत धार आणि दोरा यांच्यात ६ ते ७ मिमी चामडं उरतं. वर्षानुवर्षं सुरी आतबाहेर झाली तरी धार एवढं चामडं सहसा कापत नाही.

पट्टीची जाडी पात्याच्या पाठीएवढी. ३ मिमीच्या पात्याला ३ मिमीची पट्टी. पट्टी पातळ असेल तर दोन्ही बाजू पात्यावर आवळतात आणि सुरी ओढताना धार एका बाजूच्या चामड्यात रुतते. पट्टी फार जाड असेल तर पातं आत खुळखुळतं. तोंडाकडे मूठ जाड असते म्हणून तिथे पट्टीवर दुसरी पट्टी चढवावी लागते. ही दुसरी पट्टी जिथे संपते तिथे रापीनं तिरकी तासून शून्यावर आणा, नाहीतर पायरी होते आणि सुरीचं टोक आत जाताना त्या पायरीला अडतं. टोक अडलं की माणूस जोर लावतो. बोटं कापली जातात ती अशा वेळी.

पट्टी नसलेली म्यानं बाजारात भरपूर दिसतात. बोथट टोकाच्या शोभेच्या सुरीला ती ठीक असतील. “आमच्या आजोबांचं म्यान बिनपट्टीचंच होतं” असंही कुणी सांगतं. जुन्या तलवारींची म्यानं आतून लाकडाची असत, वरून चामडं किंवा मखमल. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात शस्त्रं बघायला जाल तेव्हा म्यानांकडेही लक्ष द्या. लाकडाच्या दोन फाका पात्याच्या आकारात कोरून जोडल्या की धारेला आपोआप घर मिळतं. नुसत्या चामड्यात ते घर आपल्याला पट्टीनं करावं लागतं.

चिकटवताना सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. गुळगुळीत बाजूवर सोल्यूशन धरत नाही, तिथे आधी पॉलिशपेपर मारा. सोल्यूशन फक्त पट्टीच्या रुंदीत लावा. ते पात्याच्या वाटेवर सांडलं तर धारेला चिकटत राहतं. आधी एका बाजूला पट्टी चिकटवा, सुरी ठेवून खात्री करा, मगच दुसरी बाजू मिटवा. हातोडीनं हलकं ठोका. बाहेरची कड आता एकदा पॉलिशपेपरनं सपाट करा, म्हणजे शिवणीची रेघ सरळ येईल.

शिवण

कंपासनं कडेपासून ४-५ मिमीवर रेघ ओढा. त्या रेघेवर दर ४ मिमीला खूण. काटा किंवा खुणांचं चाक असेल तर उत्तम, नसेल तर पोलादी पट्टी आणि सुई.

आता आरी की ड्रिल, तो वाद. आरीनं पाडलेलं भोक चपटं असतं, चामडं बाजूला सरकतं आणि टाका आवळल्यावर पुन्हा मिटतं. ड्रिलच्या भोकातून चामडं निघून जातं, ते मिटत नाही. म्हणून जुने कारागीर ड्रिलला नाक मुरडतात, आणि तत्त्व म्हणून त्यांचं बरोबर आहे. पण आपल्या म्यानात तीन थर मिळून ९ मिमी जाडी आहे. नवशिक्याची आरी इतक्या जाडीत तिरकी जाते आणि मागच्या बाजूला टाके वेडेवाकडे उमटतात. माझं मत असं: पहिल्या दोन-तीन म्यानांना स्टँडवरच्या ड्रिलनं १ मिमीचं भोक घ्या, मग त्यातून आरी फिरवून भोकाला कोन द्या. हात बसला की ड्रिल सोडा. मशिनवर शिवून घ्यायचा मोह मात्र टाळा. मशिनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शिवण सुटत जाते. दोन सुयांच्या हातशिवणीत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे जातात. एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

दोरा किती घ्यायचा? “शिवणीच्या चौपट” हे ऐकीव माप पाकिटाचं आहे. जाड म्यानात ते पुरत नाही. प्रत्येक टाक्यात दोन दोरे ४ मिमी पुढे आणि ९ मिमी आरपार जातात. म्हणजे एका टाक्याला २६ मिमी. १८ सेमीच्या शिवणीत ४५ टाके, म्हणून ११७ सेमी. दोन्ही टोकांना चार-चार टाके उलटे घ्यायचे आणि सुया धरायला दोरा उरायला हवा. पावणेदोन मीटर कापा. मधेच दोरा संपून गाठ मारायची वेळ आली की तीच जागा पुढे उसवते.

पद्धत सोपी आहे. दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. पहिल्या भोकातून दोरा ओढून दोन्ही बाजू समान करा. मग प्रत्येक भोकात आधी एका बाजूची सुई आणि तिच्या मागोमाग त्याच भोकातून दुसऱ्या बाजूची. क्रम सगळीकडे एकच ठेवा. एका भोकात डावी आधी आणि पुढच्यात उजवी आधी असं झालं तर टाक्यांचा कल बदलतो आणि शिवण वेडीवाकडी दिसते. दुसरी सुई घालताना पहिल्या दोऱ्याला टोचू नका. ओढ दोन्ही हातांनी एकाच वेळी, टाका चामड्यात किंचित बसेल एवढीच. सुरुवात तोंडाकडून करा आणि तोंडाच्या कडेवरून दोनदा टाका घ्या. सुरी घालताना सगळ्यात जास्त ताण याच टाक्यावर येतो. काहीजण तिथे रिवेट ठोकतात. ठोकायचंच असेल तर तांब्याचं. साध्या लोखंडी रिवेटभोवती चामडं काळं पडतं.

टोकाला, शिवणीच्या आत, ३ मिमीचं एक भोक ठेवा. जून ते सप्टेंबर पाटण, महाबळेश्वरकडे वापरायचं म्यान असेल तर ते हवंच. आत गेलेलं पाणी तिथून निघून जातं.

ओलं करून आकार देणं

म्यान कोमट पाण्यात बुडवा, बोटाला सोसेल एवढंच कोमट. कढत पाण्यात व्हेज टॅन चामडं आकसून कडक आणि ठिसूळ होतं, ते पुन्हा सुधारत नाही. बुडबुडे थांबले की काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन-तीन तास ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. चामड्याचा मूळ रंग परत येऊ लागला पण हाताला गार लागतंय, ही वेळ योग्य.

सुरीला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म घट्ट गुंडाळा आणि त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे घ्या. हे दोन कारणांसाठी. ओल्या व्हेज टॅनला लोखंड लागलं की चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळे डाग पडतात, आणि पात्याला रात्रीत गंज चढतो. दुसरं, म्यान वाळताना थोडं आवळतं. चिकटपट्टीमुळे तेवढी ढील आधीच मिळते. डाग पडलाच तर ओलं असतानाच लिंबाचा रस चोळा, बराच उतरतो, मग साध्या पाण्यानं पुसून घ्या.

सुरी आत घाला आणि मुठीच्या जागी, जिथे मूठ संपून पातं सुरू होतं त्या खाचेत, चमच्याच्या पाठीनं किंवा गुळगुळीत लाकडानं चामडं दाबत राहा. नख लावू नका, वळ कायम राहतो. म्यान तोंड खाली करून धरलं तरी सुरी पडू नये, पण अंगठ्यानं किंचित ढकललं की सुटावी, एवढाच आवळ हवा. बकल आणि बटन लावून हा आवळ भरून काढता येत नाही.

सुरी तासाभरानं काढा आणि म्यान सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात वाळू द्या. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली घाई केली तर वरचा थर तडकतो. सांगलीच्या मे महिन्यातलं ऊन तर याला अजिबात नको.

कडा आणि मेण

पॉलिशपेपर १२०, मग २२०, मग ४०० या क्रमानं कड घासा, तीन थर एकसंध दिसेपर्यंत. कडेचा कोन रापीनं हलका उतरवा, पाण्याचं बोट फिरवा आणि जाडसर मांजरपाटाच्या कापडानं जोरात चोळा. कड गरम होऊन चकाकायला लागते. मग मेणाचा खडा फिरवून पुन्हा चोळा. मधाचं मेण सातारा जिल्ह्यातच मिळतं. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली, तिकडच्या मधपाळांकडे चौकशी करा.

रंगाबद्दल थोडक्यात. न रंगवलेलं व्हेज टॅन वापरानं आपोआप गडद होतं, मला तेच आवडतं. लोखंडी कीस व्हिनेगरमध्ये मुरवून केलेला काळा रंग झकास येतो, पण त्यातली आंबट बाजू नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं मारली नाही तर तीच आतल्या पात्याला खाते.

शेवटी एक भाग मेण आणि दोन भाग तेल, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. सरळ आचेवर नको, मेण पेट घेतं. थंड झालेलं हे मलम बाहेरून पातळ चोळा. तेल बेतानं. जास्त तेल पाजलं तर म्यान मऊ पडतं आणि ओलं करून दिलेला आकार जातो. खोबरेल चालतं, पण थंडीत पांढरट थर दिसतो, तो कापडानं पुसला की जातो. पावसाळ्यात बुरशी आली तर पाणी घातलेल्या व्हिनेगरनं पुसून वाऱ्यावर टाका.

सुरी कायमची म्यानात ठेवून कपाटात टाकू नका. चामडं हवेतली ओल धरतं. घरी आल्यावर सुरी पुसून बाहेर, म्यान खुंटीला.

कात्रीसाठी काय वेगळं

छाटणीच्या कात्रीला स्प्रिंग असते, ती मिटवून खिटी लावून ठेवायची वस्तू आहे. पण मांडवाखाली कोणी दर वेळी खिटी लावत नाही, म्हणून म्यानाचं तोंड ऐसपैस हवं आणि पोट खाली निमुळतं. दोन तुकडे करा: मागचा सपाट, पुढचा फुगीर. पुढचा तुकडा ओला करून मिटलेल्या कात्रीवर दाबून फुगवायचा आणि मग दोन्ही कडांना ५ ते ६ मिमी जाडीची पट्टी घालून शिवायचं. मागचा तुकडा तोंडापेक्षा तीन-चार सेमी उंच ठेवा. न बघता आलेला हात त्या उंच पाठीला लागतो आणि कात्री आपोआप आत घसरते. तळ पूर्ण बंद करू नका. पानाचे, सालीचे तुकडे, चीक सगळं आत साठतं, ते पडायला वाट लागते.

कमरेला घट्ट बसवलेलं कात्रीचं म्यान वाकताना मांडीत टोचतं. पट्ट्यापासून दहा-बारा सेमी खाली, पातळ वादीवर किंवा डी रिंगवर लोंबतं ठेवा. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारलेल्या बागेत काम असेल तर रोज पुसा. त्यातला मोरचूद लोखंडाला खातो आणि चामड्यावर निळसर डाग ठेवतो.

कोयता, आणि कायद्याचं थोडं

ऊसतोडीचा कोयता पुढे वाकडा असतो, तो म्यानात सरळ घुसत नाही. त्याला धारेपुरतं कवच करायचं: दोन बाजू, धारेकडे पट्टी आणि शिवण, पाठ पूर्ण उघडी. कोयता पाठीकडून बसवायचा आणि आडव्या दोन वाद्या बटनानं बंद करायच्या, एक मुठीजवळ, एक वाकणाच्या पुढे. कोकणात आणि घाटमाथ्यावर कमरेच्या लाकडी आकडीत कोयता उघडाच अडकवतात. चालत जाणाऱ्याला ते सोयीचं आहे. मोटारसायकलवर मागे कुणी बसणार असेल तर कवच हवंच.

साताऱ्याकडे निवृत्त जवान पुष्कळ, त्यामुळे परवान्याच्या पिस्तुलासाठी होल्स्टर होईल का, असंही कुणी विचारतं. कृती हीच आहे, पण तिथे चाप पूर्ण झाकला गेलाच पाहिजे आणि तोंडाचं चामडं आत दुमडणारं नसावं. मऊ पडलेली कड शस्त्र ठेवताना चापात अडकू शकते. आकार द्यायला खरं शस्त्र न वापरता त्याच मापाचा प्लॅस्टिकचा नमुना घ्या. हे पहिलं काम म्हणून करू नका.

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. म्हणून कोयता शेताच्या वाटेवर चालतो. तोच कमरेला लावून जत्रेत किंवा मिरवणुकीत गेलात तर पोलीस विचारणारच, आणि जमावबंदी असेल तर शेतीचं हत्यार म्हणून सुटका होईलच असं नाही.

वापरातलं म्यान हंगामाच्या आधी एकदा हातात घेऊन बघा. तोंडाकडचे टाके सैल झाले असतील तर जुना दोरा दोन-तीन टाके मागेपर्यंत उसवा आणि त्याच जुन्या भोकांतून नवा घाला. शेजारी नवी भोकं पाडली तर चामडं त्या रेघेत फाटतं. आत बोट घालून मधली पट्टी चाचपा. धारेनं तिच्यात ३ मिमीपेक्षा खोल चीर पाडली असेल तर शिवण पूर्ण उसवून पट्टी बदला. बाहेरचं चामडं पुन्हा वापरता येतं.